मेंढरांचं वर्ष, आणि पाऊस चुकला की त्यात काय काय बदलतं

धनगरांचा कळप रस्त्यावरून जाताना दिसला की आपल्याला वाटतं, चारा दिसेल तिकडे ही मंडळी चालली असावीत. तसं नसतं. कुठल्या आठवड्यात कुठल्या शिवारात उतरायचं, तिथून कधी उठायचं, मेंढ्या कधी व्यायला हव्यात, नर कधी विकायचे, हे सगळं आधीपासून बांधलेलं असतं. पाऊस साधारण कधी येतो आणि कधी जातो, यावर ही बांधणी उभी आहे. तो अंदाजच अलीकडे हुकू लागला आहे. मग वरचं काय काय हलवावं लागतं, ते आपण वर्षाच्या क्रमानं पाहू. मेंढपाळ घेऊ आपल्याच महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातले.

आधी जागा समजून घेऊ. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा आहे. पर्जन्यछाया म्हणजे डोंगराची अशी बाजू, जिथे पोचेपर्यंत ढग जवळजवळ रिकामे झालेले असतात. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. आटपाडी, जत, सांगोला, पारनेरचा बराच भाग याच रांगेतला. ज्वारी-बाजरीचं एक पीक कसंबसं निघेल अशी ही जमीन, म्हणून इथे मेंढी टिकली.

या पट्ट्यातली मेंढी म्हणजे दख्खनी. अंगानं लहान, रंगानं बहुतेक काळी, वजन तीस किलोच्या आसपास. लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. पण ती दिवसभर चालू शकते आणि निकस चाऱ्यावर तग धरते. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद देशात पहिल्यांदा झाली ती त्यानंतरच्या, एकविसाव्या पशुगणनेत. इतकी वर्षं ही माणसं सरकारी तक्त्यात कुठल्या रकान्यात बसत होती, हा प्रश्नच आहे.

वर्षाचा आराखडा साधा आहे. पावसाळ्याचे चार महिने कळप गावाकडच्या माळरानावर आणि गायरानात चरतो. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सार्वजनिक जमीन. पाऊस संपून खरिपाची काढणी झाली की कळप निघतो. काही कोकणात भाताच्या खाचरांकडे, काही नीरा-भीमेच्या बागायती पट्ट्यात, काही मराठवाड्यात किंवा थेट विदर्भात. मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, सगळे परत.

निघायची तारीख

पूर्वीचं गणित तोंडपाठ होतं. हस्ताचा पाऊस, ज्याला गावाकडे हत्तीचा पाऊस म्हणतात, तो पडून गेला, बाजरी निघाली, दसऱ्याला सोनं लुटलं की वाडा हलायचा. वाडा म्हणजे एकत्र फिरणाऱ्या चार-सहा कुटुंबांचा तळ: त्यांची मेंढरं, घोड्यांवर लादलेला संसार, कोंबड्या, कुत्री आणि पोरंबाळं. पारनेरकडचे काही वाडे माळशेज घाट उतरून मुरबाड-भिवंडीकडे जातात, ते याच सुमारास.

आता परतीचा पाऊस रेंगाळतो. भारतीय हवामान खात्यानं २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्यानं ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. नऊ दिवस कागदावर थोडे वाटतात. पण कोकणात भात उभं असेपर्यंत मेंढी खाचरात उतरवता येत नाही, आणि कापणी झाली तरी चिखलात तळ टाकता येत नाही. घाट लवकर उतरलेला कळप मग रस्त्याच्या कडेला, पाण्यानं भरलेल्या शेतांमध्ये अडकून पडतो.

त्यामुळे निघण्याआधी आता एक माणूस मोटरसायकलवर पुढे जातो. कुठल्या गावात भात कापून झालं, कुठे पाणी उभं आहे, वाटेतल्या नेहमीच्या मुक्कामाच्या जागेवर यंदा कुंपण तर पडलं नाही ना, एवढं पाहून तो फोन करतो. मग वाडा हलतो. पायी आठ-दहा दिवसांची वाट तो दोन दिवसांत पाहून येतो, आणि पेट्रोलचा खर्च वाड्यातली सगळी घरं वाटून घेतात.

इथे चूक होते ती दोन प्रकारची. एक, तिथी धरून निघणं. दसरा पाऊस पाहून येत नाही. अधिक महिना पडला की तो अठरा-वीस दिवस पुढे सरकतो. दुसरी चूक, एका वाड्यानं उशीर केला म्हणून सगळ्यांनीच थांबणं. मग पाऊस उघडल्यावर एकाच आठवड्यात सगळे कळप एकाच वाटेला लागतात आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला खुरटलेली धसकटं उरतात.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबा भाकणूक सांगतात, त्यात पावसापाण्याचं भाकीत असतं, आणि ते ऐकायला धनगर समाज लोटतो. तीच माणसं खिशातल्या फोनवर ढगांचा नकाशाही पाहतात. शहरातल्या माणसाला यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. वर्षाचा अदमास एका ठिकाणी घ्यायचा आणि उद्याचा दुसऱ्या ठिकाणी, एवढाच तो व्यवहार आहे.

शेतकऱ्याशी बोली

कळप रात्री ज्या शेतात बसतो, त्या शेताला लेंडी आणि मूत्र मिळतं. याला मेंढ्या बसवणं म्हणतात. कोल्हापूरकडे मेंढरालाच बकरं म्हणत असल्यामुळे तिथे बकरी बसवतात. लेंडीखतात नत्र शेणखतापेक्षा जास्त असतं, आणि मूत्र तर थेट मातीत मुरतं. त्या बदल्यात मेंढपाळाला रोख रक्कम, धान्य किंवा दोन्ही मिळतं, शिवाय शेतातली धसकटं आणि बांधावरचा पाला.

ही बोली अनेकदा पिढ्यान्‌पिढ्यांची असते. आजोबाच्या काळापासून अमुक पाटलाच्या रानात अमुक दिवस, असं ठरलेलं. पाऊस बदलला की पहिला ताण इथे येतो. परतीच्या पावसानं काढणी लांबते, पण रब्बीच्या पेरणीची घाई तीच राहते. दोन पिकांमधली मोकळी जागा, म्हणजे मेंढरांची हक्काची वेळ, पंधरा दिवसांवरून चार दिवसांवर येते. ज्या शिवारात ऊस पोचला तिथे ती उरतच नाही.

यावर उपाय म्हणून मेंढपाळ आता एकाच गावावर विसंबत नाहीत. ओळखीची गावं वाढवतात, फळबागांच्या मालकांशी बोलतात, उसाचा पाला आणि वाढं खाऊ घालतात. ठिबकच्या नळ्या पसरलेल्या रानात मेंढरं बसवायची तर आधी नळ्या गुंडाळून घेण्याचं ठरवून घेतात, कारण एक नळी खुराखाली फुटली की पुढच्या वर्षीची बोली तिथेच संपते.

आपण शेतकरी असाल तर एक गोष्ट नक्की करा: गेल्या काही दिवसांत तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलं असेल तर कळप आत येण्याआधी सांगा. आणि आपण मेंढपाळ असाल तर न लाजता विचारा. या एका प्रश्नाअभावी रात्रीत दहा-वीस जनावरं आडवी झालेली आहेत.

दुसरा धोका कोवळ्या ज्वारीचा. पावसानं ताण दिला की खुरटलेल्या ज्वारीत, आणि कापणीनंतर बुडख्याला फुटलेल्या कोंबांत, धुरीन नावाचं द्रव्य साठतं. पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड हे जहाल विष तयार होतं. मेंढी काही मिनिटांत थरथरते, धापा टाकते आणि पडते. पाऊस लहरी झाला तसा हा धोका वाढला, कारण पीक ताणात जाण्याचे प्रसंगच वाढले. उपाशी कळप अशा रानात कधीही सोडू नये. आधी दुसरीकडे पोट भरून घ्यावं आणि गुडघ्याएवढ्या ज्वारीपासून लांबच राहावं. वेळेत डॉक्टर आला तर यावर इंजेक्शन आहे, पण वेळ फारच थोडा असतो.

एडका कधी सोडायचा

आता वर्षातला सर्वात महत्त्वाचा निर्णय. मेंढी साधारण दीडशे दिवस गाभण राहते, म्हणजे पाच महिने. एडका, म्हणजे पैदाशीचा नर, ज्या दिवशी कळपात सोडाल त्यावरून कोकरं कुठल्या हवेत जमिनीवर पडतील ते ठरतं.

जूनच्या मध्यावर नवं गवत आलं, मेंढ्या अंगानं भरल्या, माजावर आल्या, की कोकरं नोव्हेंबरच्या मध्यावर यायची. त्या वेळी हवा कोरडी, ऊन कोवळं, शेतात चारा. फार नेटकी जुळणी होती ती. अडचण अशी की आता नोव्हेंबर-डिसेंबरातच अवकाळी पाऊस येतो, आणि जून कधी कोरडाच जातो.

कोरड्या जूनमध्ये अडचण दोन्ही बाजूंनी येते. मेंढी अशक्त असेल तर माजावर येत नाही. आणि एडक्याचं बीज तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात तो होरपळला असेल तर जूनमध्ये तो दिसायला धडधाकट, पण कामाचा नसतो. मेंढपाळ मेंढ्यांना दोष देतो. दोष मेमधल्या सावलीचा असतो.

म्हणून पहिली पायरी: उन्हाळ्यात सावलीत पहिली जागा एडक्याला. कळपात दोन-तीनच असतात, त्यांना झाडाखाली बांधणं अवघड नाही.

दुसरी पायरी: एडका सोडण्याआधी तीन आठवडे मेंढ्यांना थोडा खुराक. मक्याचा भरडा रोज दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळाला तरी माजावर येणाऱ्या मेंढ्या वाढतात. सगळ्यांना परवडत नसेल तर निदान हडकुळ्यांना. हडकुळी कोण हे डोळ्यांनी ठरवू नका, लोकर फसवते. शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्यावर अंगठा आणि दोन बोटं ठेवून दाबून पाहा. कण्याची टोकं धारदार लागली तर मेंढी खंगलेली आहे. दाबल्यावरच लागली तर ठीक. अजिबात लागत नसतील तर ती पोसलेली आहे, तिला खुराकाची गरज नाही.

तिसरी पायरी: कळपाचे दोन भाग. अर्ध्या मेंढ्यांवर एडका आधी सोडायचा, उरलेल्यांवर चाळीस-पन्नास दिवसांनी. मधल्या काळात एडका वेगळा ठेवता येत नसेल तर त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पट्टा बांधतात, म्हणजे तो कळपात राहतो पण लागत नाही. पट्टा रोज पाहावा लागतो, सैल झाला की हिशेब गेला, आणि घट्ट राहिला की कातडी सोलते. एवढा खटाटोप कशासाठी? सगळी कोकरं एकाच आठवड्यात जन्मली आणि त्याच आठवड्यात अवकाळी आला, तर वर्षाचं उत्पन्न एका रात्रीत जातं. दोन तुकड्या केल्या तर एक तरी वाचते. व्यापाऱ्याला एकसारखी कोकरं हवी असतात, त्यामुळे भाव थोडा कमी येतो, हे खरं. मी तो तोटा सोसण्याच्या बाजूचा आहे.

डिसेंबरची ओली रात्र

१ आणि २ डिसेंबर २०२१ ला पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पाऊस, वारा आणि थंडी एकत्र आली. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागांत हजारो मेंढ्या-शेळ्या मेल्या. ना पूर, ना वीज. जनावरं उघड्यावर गारठून मेली.

गारठण्याची क्रिया समजून घेऊ. कोरडी लोकर हवा धरून ठेवते आणि ऊब टिकते. लोकर मुळापर्यंत भिजली की तीच ऊब खेचून घेऊ लागते, त्यात वारा लागला की शरीराचं तापमान घसरत जातं. भुकेल्या जनावरात आतली शेगडीही मंद असते, कारण मेंढीला ऊब मिळते ती पोटात चारा आंबताना. नुकती कातरलेली, नुकती व्यालेली आणि दूधपिती, या तिघी आधी जातात.

हवामानाचा इशारा मिळाला की पहिलं काम तळ हलवण्याचं. ओढ्याकाठ, काळी चिकण जमीन आणि उघडा माळ टाळायचा. हलक्या उताराची मुरमाड जागा, वाऱ्याच्या बाजूला बांध किंवा दाट झाडी असलेली, सर्वांत बरी. एकट्या उंच झाडाखाली मात्र जाऊ नये, वीज तिथेच पडते. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं बनवलं आहे, ते मराठीत चालतं. ‘मेघदूत’वर पुढच्या काही दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज मिळतो. तो जिल्ह्याचा असतो, आपल्या तळाचा नव्हे, हे लक्षात ठेवून दोन पावलं जास्तच सावध राहावं.

दुसरं काम निवाऱ्याचं, आणि ते पैशापेक्षा ओळखीनं होतं. देवळाचा मंडप, रिकामं पोल्ट्री शेड, कांद्याची मोकळी चाळ, शाळेचा व्हरांडा, जे मिळेल ते. सगळा कळप आत मावत नाही. कोकरं आणि व्यालेल्या मेंढ्या आधी. उरलेल्यांना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडणात, दाट उभं करून वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री बांधतात. ताडपत्री डोक्यावर ताणण्यापेक्षा वाऱ्याआड बांधणं जास्त उपयोगी, हे त्या डिसेंबरात अनेकांना कळलं. आता बऱ्याच वाड्यांच्या सामानात चार-दोन ताडपत्र्या कायम असतात.

तिसरं, चारा. पाऊस सुरू असताना सुका कडबा किंवा भुसा टाकत राहायचं. ओलं हिरवं गवत पोट भरतं, पण त्यात पाणीच फार.

आता कोकराचं. गारठलेलं कोकरू ओळखायला त्याच्या तोंडात बोट घाला. आतून ऊबदार लागलं तर ते सावरेल. तोंड गार लागलं तर ते संकटात आहे. आधी त्याला पोत्यानं खसाखसा कोरडं करायचं, मग चुलीजवळ डालग्यात किंवा घोंगडीत अंगाशी धरायचं. मान धरू लागलं की आईचा चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दाट दूध, पाजायचं. जन्मल्यापासून पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला पाहिजे, त्यातूनच रोगाशी लढायची ताकद येते.

इथली हमखास चूक ही: मान टाकलेल्या कोकराच्या तोंडात मायेपोटी दूध ओतणं. त्याला गिळता येत नसतं, दूध छातीत उतरतं आणि थंडीतून वाचलेलं पोर न्यूमोनियानं जातं. आधी ऊब, मग दूध. ही कामं जवळजवळ सगळी वाड्यातल्या बायका करतात, आणि प्रशिक्षणाला मात्र बहुतेक वेळा पुरुषांनाच बोलावलं जातं.

कातरणीची वेळही यामुळे बदलावी लागते. हिवाळ्याच्या तोंडावर कातरणी करायची असेल तर अंगावर पुन्हा बोटभर लोकर यायला वेळ मिळेल इतकी आधी, नाहीतर थंडी सरल्यावर. लोकरीला भाव नाही म्हणून अनेक जण कातरणी कधीही उरकून टाकतात. भाव नसला तरी ती मेंढीचं पांघरूण आहे.

उन्हाळा

मार्चपासून खेळ पाणी आणि सावलीचा. हिवाळ्यात मेंढीला दिवसाला तीन-चार लिटर पाणी पुरतं, मेमध्ये त्याच्या दुप्पट लागतं. कळपाची वाट आता चाऱ्यापेक्षा पाण्यावरून ठरते. पहाटे लवकर सोडायचं, अकराच्या आत सावली गाठायची, चारनंतर पुन्हा चरायचं, चांदणं असेल तर रात्रीही. भर दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून गोल उभ्या राहिल्या की समजावं, त्यांना सोसत नाही.

चाऱ्याला आधार झाडांचा: बाभळीच्या शेंगा, शेवरी, सुबाभूळ, वडा-पिंपळाचा पाला. बाभळीच्या शेंगा पडतील तेव्हा गोळा करून पोत्यात भरून ठेवणारी घरं मेच्या शेवटी इतरांपेक्षा निर्धास्त असतात. सुबाभूळ मात्र सलग आणि भरपूर नको, त्यातल्या द्रव्यानं लोकर गळते.

दुष्काळात सरकार चारा छावण्या काढतं, पण त्या मुख्यतः गाई-म्हशींच्या हिशेबानं. एका जागी बांधून ठेवणं मेंढीच्या स्वभावातही नाही. म्हणून दुष्काळात मेंढपाळ करतो ते उलटं: तो आणखी लांब जातो. कोरड्या प्रदेशात पाऊस सगळीकडे एकाच वेळी चुकत नाही. माणमध्ये नसेल तर परभणीकडे कुठे तरी पडलेला असतो. जनावर पायावर चालतं, हीच त्याची खरी शिल्लक.

ती शिल्लक वापरायला वाट मोकळी लागते. जगभरच्या कोरड्या प्रदेशांत हाच अनुभव आहे: हवा बदलली म्हणून मेंढपाळ जेवढा अडतो, त्याहून जास्त तो कुंपणानं अडतो. आपल्याकडे गायरानं अतिक्रमणांत आणि प्रकल्पांत गेली, माळरानाला ‘पडीक’ समजून त्यावर झाडं लावली गेली आणि चराई बंद झाली. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे. तो मिळवण्यासाठी ग्रामसभेत दावा लागतो, आणि ज्याचं वर्षातले आठ महिने गावच बदलत असतं, त्यानं कुठल्या ग्रामसभेत बसायचं, हे सांगणारा कोणी भेटत नाही.

विक्री

चारा संपल्यावर विकायला निघालेल्या मेंढीला भाव नसतो, कारण त्या आठवड्यात सगळेच विकायला निघालेले असतात. लोणंद, आटपाडी किंवा चाकणच्या बाजारात हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, दुरूनच बरगड्या मोजतो. त्यामुळे पावसाचं लक्षण बिघडलेलं दिसताच, ऑगस्टअखेरीस, म्हाताऱ्या, दोनदा गाभ न धरलेल्या, सडात दोष असलेल्या मेंढ्या आधी काढून टाकाव्यात. तरुण माद्या शेवटपर्यंत राखायच्या, कळप पुन्हा उभा राहतो तो त्यांच्यावर. अनेकदा उलटं होतं: रोख लवकर हवी म्हणून चांगली मेंढी जाते आणि म्हातारी चारा खात राहते.

नरांचा मोठा बाजार बकरी ईदचा. ती दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. २०२५ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात होती, २०२६ मध्ये मेअखेरीस. म्हणजे नर तयार करायचा काळ हळूहळू उन्हाळ्यातून हिवाळ्याकडे सरकतो आहे. हवामानाशी याचा संबंध नाही, पण कळपाच्या वेळापत्रकाशी आहे, आणि या बाबतीत तो मेंढपाळाच्या फायद्याचा आहे.

जातीबद्दल थोडक्यात. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी दख्खनीपेक्षा उंच, वजनानं लवकर वाढणारी, म्हणून मागणीत आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. दोन्ही चांगल्या, पण जुळी म्हणजे दुप्पट दूध, दुप्पट देखभाल. लांब चालणाऱ्या कळपात सगळ्या मेंढ्या जुळ्यांच्या केल्या तर वाटेतच दमछाक होते. मोजक्या कराव्यात, बाकी दख्खनी राहू द्यावी.

परतीची वाट आणि पावसाळी आजार

निघायची तारीख पुढे गेली, तशी परतीची एखाद्या वर्षी फारच मागे येते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, आणि त्याच दिवसांत बारामती-इंदापूर-दौंड या एरवी कोरड्या भागात धो धो पाऊस झाला. जूनच्या हिशेबानं चालणारे कळप तेव्हा वाटेत होते. घाट चढणं म्हणूनच मेच्या मध्यावर उरकून वर कुठे तरी थांबणं आता शहाणपणाचं.

पाऊस लांबला की आजारही लांबतात. चिखलात खूर मऊ पडून सडतात, मेंढी लंगडते. त्यावर मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवून काढतात. मात्र ते पाणी मेंढीनं पिता कामा नये, तांबं तिला विषासारखं आहे. साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे यकृतातला पर्णकृमी होतो. चिलटं वाढली की नीलजीभ येते: तोंड सुजतं, जीभ निळसर पडते, चारा सुटतो.

पोटातल्या रक्त पिणाऱ्या जंतांसाठी एक सोपी परीक्षा आहे. डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून उजेडात आतला रंग पाहा. लालबुंद असेल तर औषध नको. पांढरट असेल तर आजच द्या. सगळ्या कळपाला दर महिन्याला सरसकट औषध पाजलं की जंतच त्याला सरावतात, आणि गरजेच्या वेळी बाटली कामाची राहत नाही.

लसीकरणात चूक होते ती पत्त्यामुळे. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मेमध्ये द्यायची. गावात मोहीम होते तेव्हा कळप कोकणात असतो, आणि कोकणातल्या दवाखान्याच्या यादीत तो नसतो. म्हणून जिथे तळ आहे तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात स्वतः जाऊन मेंढ्यांचा आकडा आधी कळवावा. पीपीआर, म्हणजे मेंढ्या-शेळ्यांचा प्लेग, याची लस साधारण तीन वर्षं पुरते. दिल्याची तारीख वहीत लिहून ठेवा, नाहीतर दोन मोहिमांमध्ये कळप सुटून जातो.

कागद

मेंढी नैसर्गिक आपत्तीत मेली तर भरपाई मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत मेंढी किंवा शेळीमागे ४,००० रुपये होते, एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० जनावरांपर्यंत. चालू आकडा तहसील कार्यालयात विचारून घ्यावा. राज्याच्या महामेष योजनेत जून ते सप्टेंबर महिन्याला ६,००० रुपये चराई अनुदान आहे. हे चार महिने पूर्वी अडचणीचे होते खरे. आता खरी रात्र डिसेंबरात येते, आणि त्या महिन्यासाठी कुठलाच रकाना नाही.

भरपाईचा दावा बुडतो तो बहुधा पहिल्या दिवशीच. दुर्गंधी सुटेल म्हणून मेलेली जनावरं लगेच पुरली जातात, आणि पंचनामा करायला तलाठी आला की दाखवायला काही उरत नाही. जनावर जिथे मेलं त्याच गावच्या तलाठ्याला कळवायचं, आपल्या गावच्या नव्हे. पशुवैद्यकानं शवविच्छेदन करून दाखला द्यावा लागतो. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो काढा, एक फोटो सगळ्या जनावरांचा मागे गावाची ओळख पटेल असा काही तरी, देऊळ किंवा पाटी, घेऊन काढा. बिल्ला नसेल तर अडचण येते, म्हणून कळप निघायच्या आधीच गावच्या दवाखान्यात बिल्ले मारून घ्यावेत.

दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं. फोन लावताना तालुका, गाव, जवळचा रस्ता आणि किती जनावरं आजारी आहेत, एवढं आधी सांगा. ‘माळावर आहोत’ एवढ्यावर गाडी पोचत नाही.